रेडकरकाकांची वरखाली होणारी सीट

रेडकरकाकांची आणि माझी ओळख व्हायच्या आधी त्यांनी माझा फ्रिज मोजला.

नेरूळच्या ह्या सोसायटीत आम्ही राहायला आलो, तो दिवस. टेम्पोतून सामान उतरत होतं, हमाल फ्रिज उचलून लिफ्टकडे निघाले होते आणि लिफ्टच्या दारात एक ठेंगणे गृहस्थ उभे होते. पांढरा हाफ शर्ट, करडी पँट आणि कमरेच्या पट्ट्याला लटकवलेला स्टीलचा टेप. त्यांनी हात वर करून हमालांना थांबवलं, खर्रकन टेप ओढला, फ्रिजची रुंदी घेतली. लिफ्टच्या दाराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते माप त्यांना पाठ होतं.

"पाऊण इंच," ते म्हणाले. "जाणार नाही."

हमाल हसले. अंदाजानं जाईल म्हणाले. पाच मिनिटांत फ्रिज दारात असा अडकला की लिफ्ट वर जाईना आणि फ्रिज मागे येईना. काका तिथंच उभे होते. सांगितलं होतं, असं काही ते म्हणाले नाहीत. माझ्याकडे वळून, जणू आता ओळख करून द्यायला हरकत नाही अशा बेतानं म्हणाले, "अंदाज म्हणजे आळशी माणसाचा टेप. मी रेडकर. बी विंग, चारशे दोन." मग जिन्याची सगळी वळणं मोजून फ्रिज कुठल्या वळणावर कसा तिरका करायचा ते त्यांनी हमालांना सांगितलं, आणि तो एकही ओरखडा न पडता वर गेला.

काका न्हावा शेवा बंदरात एका खाजगी कंपनीत सर्व्हेअर होते. म्हणजे माल मोजणारे. परदेशी जाणारं यंत्र कंटेनरमध्ये बसेल की नाही, बसलं तर किती जागा उरेल, हे बघायचं आणि कागदावर सही करायची. उभा जन्म त्यात गेला. निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं घड्याळ दिलं आणि काकांनी टेप ठेवून घेतला.

बंदर सुटलं तरी मोजणं सुटलं नाही. सोसायटीच्या गणपतीचा मंडप किती बाय किती, हे मंडपवाल्याआधी त्यांना माहीत असायचं. सलून बदललं तर आरसा मोजायचे. एकदा त्यांनी तळमजल्यावरच्या पार्किंगच्या सगळ्या जागा मोजल्या आणि सेक्रेटरींची जागा बाकीच्यांपेक्षा नऊ इंच रुंद असल्याचा नकाशा रंगीत पेन्सिलींनी काढून नोटीस बोर्डावर लावला. पुढे बरेच दिवस सेक्रेटरी जिन्यानं जात. जवळच्या सारसोळे गावच्या मासळीबाजारात पापलेटला टेप लावणारा सगळ्या नवी मुंबईत हा एकच माणूस असेल.

मोजायचं राहिलेलं एकच माप होतं, त्यांची स्वतःची उंची. पाच फूट एक इंच असावी, असा माझा अंदाज. पण विचारलं की ते "मध्यम" म्हणत. डॉक्टरनं फॉर्म भरताना विचारलं तरी, "मध्यम लिहा."

आणि ह्या मध्यम माणसाची बायको पाच फूट नऊ इंच होती.

हिराताई सारसोळ्याच्या. खाडीवर होड्या असलेल्या कोळी घरातल्या. तिथल्याच एका शाळेत त्या पीटी शिकवायच्या. तरुणपणी काका बंदरात नोकरीला लागले तेव्हा सारसोळ्यात एका खोलीत भाड्यानं राहत. बाजारात एकदा मासा मोजताना मागून आवाज आला, "माप घेऊन काय त्याला शर्ट शिवतंस?" मागं वळून काकांनी पाहिलं तर समोर ओढणीची गाठ दिसली, तोंड बघायला मान वर करावी लागली. ही गोष्ट काकांनी मला दहा वेळा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी मान वर करून सांगितली.

लग्नाला दोन्हीकडून विरोध झाला. काकांच्या मालवणकडच्या मंडळींना जात दिसली, सारसोळेकरांना उंची. काका म्हणत, "जातीचं समजावता येतं हो. उंचीचं काय समजावणार?" फोटोग्राफरनं लग्नाच्या फोटोत त्यांना पाटावर उभं केलं होतं. हिराताईंनी तो पाट पायानं बाजूला सारला. तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये आहे. त्यात हिराताई पाऊणभर फोटो व्यापून आहेत आणि काका त्यांच्या खांद्याशी, मुंडावळ्या लावून, अतिशय समाधानी.

मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

काकांना सायकल येत नव्हती. हिराताईंना चालता यायच्या आधी येत असावी. त्यांच्याकडे एक जुनी काळी जेन्टस सायकल होती आणि रविवारी बाजाराला जाताना त्या चालवायच्या आणि काका कॅरिअरवर बसायचे. येताना मांडीवर मासळीची पिशवी. सेक्टरमधली पोरंटोरं हसायची. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. "पुढं बसणाऱ्याला रस्ता बघावा लागतो," ते म्हणत, "मागं बसणाऱ्याला गाव दिसतं."

निवृत्त झाल्यावर हिराताईंनी डोंगरातली सायकल घेतली. जाड टायरची, पुढे शॉकअब्सॉर्बरवाली, निळी. दुकानदारानं आधी पुढे टोपली असलेली लेडीज सायकल दाखवली, तर त्या म्हणाल्या, ही माझ्या गुडघ्याला लागेल. मग खारघरच्या टेकड्या, पारसिकचा डोंगर, कधी पार उरणकडे द्रोणागिरीपर्यंत. मीही रविवारी सायकल चालवतो, म्हणजे महागडी चड्डी घालून दोन तास पाम बीच रोडवर जाऊन येतो आणि डोसा खातो. एकदा खारघरच्या चढावर हिराताई मला मागं टाकून गेल्या. जाताना "दमलास काय रं," इतकंच म्हणाल्या. मला माझ्या अडुसष्ट किलो वजनाचा आणि बेचाळीस वर्षं वयाचा पहिल्यांदाच राग आला.

गेल्या वर्षी एप्रिलात एके सकाळी त्या अशाच फिरून आल्या, सायकल पार्किंगमध्ये खांबाला टेकवली आणि अंग दुखतंय म्हणून वर गेल्या. ताप डोक्यात गेला. नऊ दिवस हॉस्पिटलात होत्या. दहाव्या दिवशी रेडकरकाका एकटे घरी आले.

सारसोळ्याची माणसं आली, सगळं त्यांनीच केलं. काका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. त्यांच्या कमरेला त्या दिवशी टेप नव्हता, हे बघून मला जास्त वाईट वाटलं.

पुढचे सहा-सात महिने ते कुणाशी फारसं बोलत नसत. गणपतीला मंडप त्यांच्याशिवायच उभा राहिला आणि वाकडा उभा राहिला. रोज संध्याकाळी तेवढे खाली येत, फडक्यानं निळी सायकल पुसत, पंपानं हवा भरत. हलवत मात्र नसत. जिथं होती तिथंच पुसत आणि वर जात.

मग दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. दारात काका. कमरेला टेप.

"नितीनराव, तुम्हाला सायकलीतलं कळतं," ते म्हणाले. "मला सीटची ती वरखाली होणारी नळी घ्यायचीय."

मला आधी कळेचना. मग त्यांनी खिशातून कागद काढून दाखवला, तेव्हा उलगडलं. त्यांना हवा होता ड्रॉपर सीटपोस्ट. डोंगरात सायकल चालवणाऱ्यांसाठी ही एक सोय असते. तीव्र उतार आला की सीट उंच असून चालत नाही, तोल जातो. म्हणून सीटखालची नळी अशी करतात की हँडलवरचा खटका दाबून वजन टाकलं की सीट खाली जाते, आणि उतार संपल्यावर वजन न टाकता खटका दाबला की आपोआप वर येते. खाली उतरून पान्यानं पिळत बसायला नको.

मी त्यांना समजावलं की हे कसरती करणाऱ्यांचं काम आहे. नेरूळमध्ये आपल्या पार्किंगच्या रॅम्पपेक्षा मोठा उतार नाही.

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "पण सायकल चालवायला हवी. पंक्चरवाला म्हणाला, खडी गाडी मर जाती है. टायरला भेगा पडायला लागल्यात."

"पण काका, तुम्हाला सायकल येत नाही."

"शिकणार."

सहासष्ट वर्षांचा माणूस सायकल शिकणार असेल तर सीट खाली हवी, पाय जमिनीला टेकायला हवेत, हे मला पटलं. त्यावरचा सोपा उपायही मी लगेच सांगितला. त्या सायकलीच्या सीटला खाली एक चाप असतो. तो उघडायचा, सीट खाली दाबायची, चाप बंद करायचा. दहा सेकंद. फुकट.

"तो उपाय नको," काका म्हणाले, आणि कागदाची घडी उलगडून पुढचा प्रश्न विचारला.

मग सुरू झाली नळीची निवड. मी त्याआधी दोन फ्लॅट बघून घेतले, एक लग्न जुळवलं, पण इतकी चौकशी कशातच केली नव्हती. नळीची जाडी सायकलीच्या सांगाड्याच्या भोकाला तंतोतंत बसली पाहिजे. काकांनी बंदरातला जुना व्हर्निअर कॅलिपर काढला, नळीचं माप घेतलं आणि तीस पूर्णांक नऊ मिलिमीटर असं जाहीर केलं. मी एकतीसची चालेल का म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे त्या हमालांकडे पाहिलं होतं तसं पाहिलं. मग खटक्याची तार सांगाड्याच्या आतून न्यायची की बाहेरून, हा प्रश्न. आतून न्यायला भोक लागतं. आम्ही दोघं टॉर्च घेऊन पार्किंगच्या लादीवर आडवे पडलो आणि सांगाड्याच्या पोटाशी रबराचं बूच लावलेलं भोक मला सापडलं. काका इतके खूश झाले की हिराताई गेल्यावर पहिल्यांदाच ते थोडं हसले. सगळ्यात शेवटचा प्रश्न, सीट किती खाली जाणारी घ्यायची. बारा सेंटिमीटर, पंधरा, सतरा. जास्त खाली जाणारी नळी बंद झाल्यावर लांब असते, ती सांगाड्यात मावायला हवी.

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट विचित्र वाटायची. आम्ही वाशीला गेलो, बेलापूरला गेलो, ठाण्यातही एका दुकानात जाऊन आलो. प्रत्येक दुकानदार सीट किती खाली जाते ते कौतुकानं सांगायचा. काका प्रत्येकाला ती किती वर येते ते विचारायचे.

"पूरी ऊपर आती है ना?"

"आती है अंकल."

"रोज उतनीच? दो साल बाद भी? एक मिलिमीटर कम नहीं?"

वाशीच्या दुकानातले सरदारजी मोठे सज्जन. ते स्वतः डोंगरात चालवणारे. त्यांनी विचारलं, अंकल, आप डाउनहिल करते हो? काका म्हणाले, नहीं, मुझे सायकल नहीं आती. सरदारजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

रात्री काका मला मोबाईलवर व्हिडिओ पाठवायचे. कुठल्या तरी परदेशी जंगलात हेल्मेट घातलेला माणूस कड्यावरून खाली झेपावतोय, आणि खाली काकांची ओळ, "एक मिनिट बारा सेकंदांवर बघा. सीट वर यायला वेळ लागला. ही कंपनी नको."

असा दीड महिना गेला. आमच्या घरी माझी थट्टा व्हायला लागली. मलाही वाटायला लागलं की दुःखानं माणूस स्वतःला कशात तरी गुंतवून घेतो, तसं काकांचं झालंय. नळी मिळणं त्यांना नकोच आहे, शोधणंच हवंय. आणि माझे रविवार त्यात चाललेत. ह्यातून त्यांना बाहेर काढायला पाहिजे, असं मी ठरवलं. आज ते आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

एका शनिवारी सकाळी मी पार्किंगमध्ये गेलो. निळ्या सायकलीच्या सीटखालचा चाप उघडला. जरा घट्ट झाला होता. सीट दोन्ही हातांनी दाबली, ती कुरकुरत पार तळाला गेली. चाप लावला. दहा सेकंद म्हटलं होतं, वीस लागले असतील. मग मी काकांना फोन केला आणि म्हटलं, खाली या, तुमचं काम झालं. बसा आणि शिकायला लागा.

ते लिफ्टमधून बाहेर आले. चार पावलं चालले आणि थांबले.

ते रागावतील, वाद घालतील, असं मला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठं होती?" ते म्हणाले.

"काय?"

"सीट. कुठं होती ती?"

मी हातानं हवेत दाखवलं, इथं कुठंतरी असेल. काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि खांबाला पाठ टेकवून ते हळूहळू खाली लादीवर बसले.

मग खाली बघत म्हणाले, "तिनं लावलेली होती हो. तिच्या पायाच्या मापानं. त्या दिवशी ती उतरली, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता."

त्या क्षणी त्यांचे सगळे प्रश्न मला कळले. चालवली नाही तर सायकल मरते. चालवायची तर सीट खाली घ्यावी लागते. आणि खाली घेतली तर हिराताईंची उंची जाते. म्हणून त्यांना अशी सीट हवी होती, जी त्यांच्यापुरती खाली येईल आणि ते उतरले की तिच्या जागेवर परत जाईल.

मी मूर्खासारखं म्हणालो, "काका, तुम्ही मोजून ठेवली असेल ना."

"नाही."

"तुम्ही?"

"टेप घेऊन आलो होतो. आठ-दहा वेळा आलो. बंदरात माल शेवटचा मोजतात तेव्हा लगेच कंटेनरला सील लावतात. मग तो आपला नसतो. मला नाही मोजवलं, नितीनराव."

मी सायकलीजवळ गुडघ्यांवर बसलो. काही तरी करायलाच हवं होतं. चाप उघडून सीट बरीच वर ओढली आणि मोबाईलचा टॉर्च नळीवर मारला. खाडीच्या वाऱ्यानं इथं सगळ्यावरच चढतो तसा नळीच्या वरच्या भागावर पांढुरका थर चढला होता. खालचा भाग, जो सांगाड्याच्या आत असायचा, तो ग्रीसनं काळपट आणि गुळगुळीत होता. दोन्हींच्या मध्ये एक रेघ होती. बारीक, नखानं ओढल्यासारखी, पण सगळीकडून सारखी.

मी काकांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. मग टॉर्च त्यांनी धरला आणि मी सीट केसाकेसानं खाली घेत गेलो. जरा जास्त गेली, वर घेतली. परत खाली. रेघ चापाच्या कडेला लागली तेव्हा मी थांबलो.

"हीच असेल," मी म्हणालो.

"असेल नको," काका म्हणाले.

ते उठले, सायकलीच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले, रोज पुसताना उभे राहत तसे. सीटची कड त्यांच्या पोटाला लागली. त्यांनी खाली पाहिलं. शर्टाचं खालून दुसरं बटण रोजच्यासारखं सीटच्या शिवणीशी आलं होतं. त्यांनी श्वास सोडला आणि पुन्हा पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "इथंच."

आणि मग सीटवर दोन्ही हात ठेवून ते रडले. हिराताई गेल्या त्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. वॉचमन लांबून बघत होता, तो गेटकडे तोंड करून उभा राहिला. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

सावरल्यावर ते आपणहून बोलले. लग्न झाल्यापासून हिराताई त्यांना सायकल शिक म्हणत होत्या. "मी म्हणायचो, मला कशाला, तू आहेस की. दर वेळी तेच. तिला वाटायचं, मी घाबरतो. घाबरत नव्हतो. मला शिकायचीच नव्हती. मी शिकलो असतो तर दोन सायकली झाल्या असत्या. मग मी तिच्या मागं कशाला बसलो असतो?" मग सीटवरून हात फिरवत म्हणाले, "पण हे तिला सांगायचं राहिलं."

त्यानंतर मी घाई केली नाही. काकांनी शेवटी सतरा सेंटिमीटर खाली जाणारी नळी पसंत केली, वाशीच्या सरदारजींकडची. मी सरदारजींना आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. ते नळी घेऊन स्वतः आमच्या पार्किंगमध्ये आले. जुनी नळी काढायच्या आधी माप घेणं भाग होतं. पेडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत. काकांनी मला टेपचं एक टोक धरायला लावलं आणि दुसऱ्या टोकाला स्वतः वाकून आकडा वाचला. तो त्यांनी मोठ्यानं म्हटला नाही, लिहूनही ठेवला नाही. नवी नळी बसवताना सरदारजी वर, अजून वर, म्हणत गेले आणि काकांनी हात दाखवला तिथं पान्यानं आवळली. मग शर्टाच्या बटणानंही तपासली. सरदारजींनी हे सगळं देवळात उभं राहावं तसं हात जोडून पाहिलं. जुनी नळी काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून वर नेली.

शिकवणी सारसोळ्याच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर झाली. सकाळी तिथं गाड्या नसतात. सीट पार खाली नेली तरी काकांचे पाय नीट टेकत नव्हते, सायकल तिरकी करून एका बाजूचा चवडा तेवढा टेकायचा. मी मागून सीट धरून पळायचो. पहिल्या रविवारी ते चार वेळा पडले. प्रत्येक वेळी उठून आधी सायकल तपासायचे, मग कोपर.

जाळी विणत बसलेल्या एका म्हातारीनं त्यांना ओळखलं. हिराताईंची कुणीशी लांबची मावशी. तिनं विचारलं, "आता शिकतंस? ती व्हती तवा का नाय शिकलास?"

काका धापा टाकत थांबले. सारसोळ्यात ते तिथलीच बोली बोलतात. "तवा गरज नव्हती, मावशे," ते म्हणाले. म्हातारीनं मान डोलावली आणि जाळ्याकडे वळली. पण त्या दिवसापासून आम्ही तिथं पोचलो की ती रस्त्यातली कुत्री हाकलून ठेवायची.

पाच रविवार लागले. सहाव्या रविवारी काका म्हणाले की आज ते एकटेच जाणार आहेत, जेट्टीपर्यंत जाऊन परत येणार आहेत आणि मी मागं यायचं नाही. मी गेटवर उभा राहिलो. पांढरा शर्ट निळ्या सायकलीवर डगमगत वळणाशी दिसेनासा झाला. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. मी सायकल काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात ते आले. पँटच्या एका पायाला चिखल, चेहरा लाल.

पार्किंगमध्ये खांबापाशी येऊन ते उतरले. उतरणं अजून नीट जमत नव्हतं, एक पाय अडकला. सायकल टेकवली. मग हँडलवरचा खटका अंगठ्यानं दाबला. फुस्स असा बारीक आवाज आला, सीट वर सरकत गेली आणि टक् करून थांबली. काका तिच्याकडे बघत उभे राहिले.

मला वाटलं, आता ते वर जातील. ते लिफ्टपर्यंत गेलेही. बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं. आणि ते आत शिरलेच नाहीत. दार आपोआप मिटलं.

मी जवळ गेलो. काही लागलंय का, विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "ती फिरून आली ना, की सगळं सांगायची. कुठं गेली, कोण भेटलं, कुठला उतार कसा होता. मी चहा ठेवायचो आणि ती ओट्याला टेकून सांगत राहायची. मला अर्धं कळायचं नाही. आज मी पहिल्यांदा कुठंतरी जाऊन आलो, नितीनराव. वर जाऊन कुणाला सांगू?"

आमचं घर दुसऱ्याच मजल्यावर आहे. मी त्यांना घरात आणलं, स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि चहा ठेवला. म्हटलं, मला सांगा.

आधी ते लाजले. मग सोसायटीच्या गेटपासून सुरुवात केली. कोपऱ्यावर रिक्षावाल्यानं कसा हॉर्न दिला, वळणावर खडी होती तिथं त्यांनी काय केलं, म्हातारी आज जागेवर नव्हती, तिची टोपली तेवढी होती. खाडीला भरती होती. जेट्टीवर एक होडी नुकतीच लागत होती आणि तिच्यातल्या माणसानं त्यांना हात केला, ते हात करायला गेले आणि पडता पडता वाचले. पलीकडच्या कांदळवनावर बगळे बसले होते.

आमच्या दारापासून जेट्टीपर्यंत जेमतेम दीड किलोमीटर रस्ता आहे. काकांना तो सांगायला पाऊण तास लागला. मी दोनदा चहा केला.